पायाळू यंत्र

जमिनीखाली काहीतरी पुरलेलं आहे याबद्दल मराठी माणसाला कधीच शंका नसते. प्रश्न फक्त नेमकं कुठे, एवढाच असतो. प्रत्येक गावात एक पडका वाडा असतो, वाड्याला तळघर असतं, तळघरात मोहरांचा हंडा असतो, हंड्यावर नाग बसलेला असतो, आणि हे सगळं ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो गृहस्थ नुकताच वारलेला असतो. हंडा शोधायला पायाळू माणूस लागतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला भुईखालचं धन दिसतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्याच समजुतीचं दुसरं कलम असं की पायाळू माणसावर वीज हटकून पडते. म्हणजे साधन उत्तम, पण पावसाळ्यात बाहेर काढायचं नाही. शिवाय अंजनाचा पुरवठा बेभरवशाचा, आणि हंडा सापडला नाही तर दोष नेहमी मुहूर्ताचा.

इंग्लंडमध्ये हेच काम करणारं यंत्र दुकानात मिळतं, भर पावसात चालतं, आणि हंडा सापडला नाही तर दोष सेटिंगचा असतो.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे सांगलीचे. नोकरीचा जन्म इंग्लंडात गेला आणि आता निवृत्त होऊन ते सफक परगण्यातल्या एका खेड्याला लागून राहतात. तिकडच्या निवृत्त पुरुषापुढे तीन मार्ग असतात : गोल्फ, बागकाम आणि मेटल डिटेक्टर. गोल्फमध्ये चेंडू हरवतात, बागेत कंबर जाते, डिटेक्टरमध्ये फक्त पैसे जातात. दाजींनी बाजारात नुकतंच आलेलं मॉडेल घेतलं. किंमत हजार पौंडांच्या पुढे. ताई इतकी वर्षं तिकडे राहिली तरी दूध-पाव पौंडात घेते आणि नवऱ्याची खरेदी रुपयांत मोजते. त्यामुळे त्या यंत्राची किंमत तिच्या तोंडून ऐकताना सांगलीत वन बीएचकेचं बुकिंग झाल्यासारखं वाटे.

खोकं उघडलं तेव्हा मी तिथे मुक्कामाला होतो. आत एक लांब दांडा, त्याच्या टोकाला काळी चपटी कॉइल, वरच्या टोकाला मोबाइलएवढा पडदा, बिनतारी हेडफोन आणि एक जाड पुस्तिका. दाजी इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली. यंत्र सुरू झालं आणि त्यानं सर्वप्रथम स्वतःचं सॉफ्टवेअर जुनं झाल्याची तक्रार केली. कारखान्यातून निघून दुकानात आणि दुकानातून या घरात येईपर्यंत, मातीचा एक कणही न लागता, ते कालबाह्य झालं होतं. मग लॅपटॉप, केबल, अपडेट, आणि पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकणारी एक रेघ. जमिनीखालची दोन हजार वर्षं उकरायला निघालेला माणूस त्या रेघेपुढे तासभर हात बांधून बसला होता.

नव्या मॉडेलचं मोठेपण असं की ते एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरतं. जुनी यंत्रं एकाच फ्रीक्वेन्सीवर चालायची. कमी फ्रीक्वेन्सी मोठ्या, खोलवरच्या चांदीला बरी, जास्त फ्रीक्वेन्सी बारीक वस्तूंना बरी. आता दोन्ही एकदम, हे दाजींनी मला समजावलं, मग ताईला समजावलं, मग शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंना समजावलं. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की माझं कानातलं यंत्र शोधून देता का, गेल्या नाताळापासून दिसत नाही.

मैदानात उतरण्याआधी घरात चाचणी करायची असते, असं कोणत्या तरी व्हिडिओत सांगितलेलं होतं. दाजींनी दिवाणखान्यात कॉइल खाली धरली आणि लाकडी जमिनीतल्या प्रत्येक खिळ्यानं हजेरी लावली. तिथून ते स्वयंपाकघरात गेले. तिथे तर यंत्राला वातच झाला. शेवटी ताईच्या देवघरातलं चांदीचं निरांजन, तांब्याची पळी आणि पितळी घंटा टेबलावर मांडून एकेक वस्तू कॉइलसमोरून फिरवायची असं ठरलं.

या यंत्रांचं विज्ञान तसं सरळ आहे. कॉइलमधून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवरी प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि तो प्रतिसाद किंचित उशिरा परत येतो. धातू किती चांगला वाहक आहे, वस्तू केवढी आहे, कशा आकाराची आहे यावर तो उशीर ठरतो. यंत्र त्या उशिराचा एक आकडा करून पडद्यावर दाखवतं. लोखंड आकड्यांच्या तळाशी, चांदीचं जाडजूड नाणं वरच्या टोकाला. घोळ आहे तो मधल्या पट्ट्यात.

निरांजनानं वरचा आकडा दाखवला. पळीही फार खाली नव्हती. दाजी खूश झाले आणि म्हणाले, "अगं, जरा मंगळसूत्र दे."

ताईनं गळ्यातलं काढून दिलं. यंत्रानं एक मधलाच आकडा दाखवला. दाजींनी तो वहीत लिहून घेतला. मग तुलनेसाठी शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी फिरवली. तोच आकडा.

दाजींनी पुन्हा मंगळसूत्र फिरवलं, पुन्हा कडी फिरवली. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं.

"अहो," ताई म्हणाली, "हे तुमच्या आईंनी घातलंय मला."

त्यानंतर अर्धा तास दाजी वाहकता आणि आकारमान यांवर बोलत होते. सोनं उत्तम वाहक असलं तरी दागिना लहान असतो, ॲल्युमिनियमही बरं वाहक आहे, दोघांचा हिशेब फिरून एकाच जागी येतो, आणि ही त्या धंद्यातली जगजाहीर अडचण आहे, हे सगळं खरंच आहे. सोन्याची अंगठी हवी असेल तर डब्यांच्या कड्या उकराव्याच लागतात, हे त्या छंदातला जुना माणूस पहिल्या दिवशीच सांगतो. पण सासूबाई आणि कोल्ड्रिंकचा डबा एका आकड्यावर आले ही बाब शास्त्रानं मिटणारी नव्हती. ती दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगलीपर्यंत पोचली.

पुढची पायरी शेत. इंग्लंडात वाटेल तिथे कॉइल फिरवता येत नाही. प्रत्येक शेताला मालक आहे आणि त्याची परवानगी लागते, तीही शहाणा माणूस लेखी घेतो. काही सापडलं तर वाटणी कशी, हे आधीच ठरवायचं. संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवान्याशिवाय यंत्र चालवणं हाच गुन्हा. रात्री चोरून शेतं धुंडाळणाऱ्यांची तिथेही जात आहे, आणि तिच्यामुळे प्रामाणिक छांदिष्टाकडेही शेतकरी आधी भुवई उंचावून बघतो. दाजींनी छंदवाल्यांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं, त्यासोबत विमा मिळाला, आणि ताईच्या हातचे बेसनाचे लाडू घेऊन ते एका शेतकऱ्याच्या दारात गेले. शेतकऱ्यानं लाडू खाल्ला आणि तीन अटी घातल्या. फाटकं लावून घ्यायची. खड्डे बुजवायचे. आणि नांगराची एक पिन गेल्या हंगामात हरवली आहे, ती दिसली तर आणून द्यायची.

ही तिसरी अट ऐकून दाजींचा चेहरा उजळला, त्याला कारण आहे. सफकमधल्या हॉक्सन गावी १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं आपल्या ओळखीच्या एरिक लॉज या गृहस्थांना डिटेक्टर घेऊन बोलावलं. लॉज हातोडा शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातला खजिना सापडला. सोन्याचांदीची १४ हजारांवर नाणी, दागिने, चमचे. त्यांनी सगळं ओरबाडून काढलं नाही. थोडं दिसल्यावर थांबून अधिकाऱ्यांना कळवलं, त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांना बाकीचा ठेवा जागच्या जागी नीट उकरता आला. बक्षीस साडेसतरा लाख पौंडांचं मिळालं. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. रोमन साम्राज्याच्या शेजारी आपली हत्यारं ठेवली जाण्याचा मान फार थोड्या शेतकऱ्यांना मिळतो. तेव्हापासून सफकमध्ये कोणी काही हरवलंय म्हटलं की डिटेक्टरवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

सापडलेल्या गोष्टीचा कायदाही मोठा गमतीचा आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे, तीनशे वर्षांहून जुनी आणि दहा टक्क्यांहून कमी नाही इतकं सोनं-चांदी असलेली वस्तू सापडली की चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. एकटं सुटं नाणं यातून सुटतं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. जुन्या मुंबईकरांना तो ठाऊक असेल. तिकडे माणूस विचित्र रीतीनं जमिनीत गेला तरी तोच, आणि सोनं विचित्र रीतीनं जमिनीतून वर आलं तरी तोच. खजिन्यात न बसणाऱ्या साध्या वस्तूंचीही नोंद करून घेणारी एक योजना १९९७ पासून चालू आहे. तिच्यात १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतला फार मोठा वाटा दाजींसारख्या चिखलात उभ्या राहणाऱ्या मंडळींचा आहे. नोंद करणारे अधिकारी बकल, बटण, शिशाचा मोडका शिक्का असलं काहीही हातात घेऊन तितक्याच गंभीरपणे बघतात. आपल्याकडे सरकारी टेबलावर आपली वस्तू इतक्या आपुलकीनं कोणी हातात घेतली, तर आपण घाबरून ती परत मागू.

गव्हाची कापणी झाली, शेतात बोटभर धसकटं उरली, आणि दाजी उतरले. पहिलं काम ग्राउंड बॅलन्स. मातीतही लोहखनिजं आणि क्षार असतात, त्यांचा आवाज यंत्रानं वजा करायचा असतो. त्यासाठी कॉइल जमिनीवर वर-खाली, वर-खाली करायची. गवई मैफलीआधी तंबोरा जुळवून घेतो तसं दाजी त्या शेताशी जुळवून घेत होते. रस्त्यावरून कुत्रं फिरवणारी एक बाई बराच वेळ थांबून पाहत राहिली, कारण तिला दिसत होतं ते इतकंच, की एक सावळा सद्गृहस्थ रिकाम्या शेतात एकाच जागी उभा राहून भुईला हळूहळू मालिश करतो आहे. मग कॉइल जमिनीलगत, आडवी, सावकाश, आधीची फेरी थोडी झाकत झाकत. घाई करणाऱ्याला काही मिळत नाही.

पहिला बीप आला तो दाजींच्या स्वतःच्या बुटाचा होता. पोलादी टोकाचे भक्कम बूट, खास या कामासाठी घेतलेले.

दुसरा मात्र खरा होता. गोड, भरीव, दोन्ही दिशांनी फिरवलं तरी एकसारखा. आकडाही चांगला. दाजींनी गुडघे टेकले, छोट्या फावड्यानं मातीची चकती उचलून बाजूला ठेवली, आणि कमरेचा नारिंगी पिनपॉइंटर काढला. वीतभर लांबीची ही कांडी जवळ धातू असला की हातात थरथरते. खड्ड्यात फिरवली, गप्प. बाहेर काढलेल्या मातीत फिरवली, थरथरली. दाजींनी ढेकूळ हातात घेतलं, अंगठ्यानं हळूच फोडलं. आत हिरवट पडलेला, पैशाएवढा एक गोल होता. त्यांनी तो शर्टाला न पुसता, शिकल्याप्रमाणे, नुसती माती झटकून उन्हात धरला. त्यावर आकडा कोरलेला होता : १२.

"बारावं शतक?" दाजी कुजबुजले.

ते काडतुसाचं बूड होतं. बारा बोअरची बंदूक. इंग्लंडच्या शेतांत वर्षानुवर्षं लोकांनी ससे आणि तितर मारले, ससे-तितर केव्हाच शिजून गेले, पितळी बुडं मात्र पुढच्या पिढ्यांसाठी मागे राहिली. त्या दिवशी ती पिशवीभर निघाली. त्यांच्याबरोबर नांगरानं चिंधड्या केलेले डबे, चॉकलेटच्या चांद्या, शिशाचे गोळे, घोड्याच्या नालाचे तुकडे. नाल हा तर पक्का लबाड. लोखंड असून गोल वाकलेला असल्यामुळे तो वरच्या पट्टीत गातो आणि यंत्रापुढे चांदी म्हणून मिरवतो. पलीकडच्या शेताची तर तऱ्हाच वेगळी. तिथे नगरपालिकेच्या कचऱ्यापासून केलेलं खत पसरलेलं होतं. गावाचा हिरवा कचरा दळताना त्यात जे जे डबे, बाटल्यांची बुचं, वायरी आल्या त्या सगळ्यांचं बारीक पीठ होऊन एकरभर समान वाटणी झाली होती. दाजींचं यंत्र त्या शेतात शिरलं आणि मुलांच्या वाढदिवसातल्या पिपाण्यांसारखं एका दमात कोकलू लागलं.

इथेच नव्या यंत्राचा खरा घोळ लक्षात येतो. ते जितकं चांगलं, तितकं जास्त ऐकतं. जुन्या यंत्राला खोलवरची नाणी ऐकू येत नव्हती, पण खोलवरचा कचराही ऐकू येत नव्हता. नव्याला दोन्ही ऐकू येतं आणि दोन्ही ते प्रामाणिकपणे कानात सांगतं. लोखंड गाळायची सोय असते, तिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. ती जास्त लावली तर खिळ्याशेजारी पडलेलं चांगलं नाणंही खिळ्याबरोबर गप्प होतं. कमी लावली तर प्रत्येक खिळा कानाशी येऊन आपली कुळकथा सांगतो. पैसे यंत्राचे भरायचे आणि निवड आपण करायची, असा हा सौदा.

यंत्राच्या जन्मापासून हेच चालू आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी घालण्यात आली. गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधायचं एक विद्युत उपकरण घेऊन आले. उपकरण चालत होतं. पण ते अध्यक्षांच्या पलंगाखालच्या स्प्रिंगांचीही इमानेइतबारे खबर देत होतं. शिवाय मुख्य डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूला, कारण गोळी उजवीकडे आहे असं त्यांचं मत होतं. ती डावीकडे होती. गारफील्ड वाचले नाहीत. जागेचा मालक जिथे म्हणेल तिथेच शोधायचं, हा नियम तेव्हापासूनचा आहे. पुढे १९३७ मध्ये गेर्हार्ड फिशर यांनी अमेरिकेत हातात धरून फिरवायच्या डिटेक्टरचं पेटंट घेतलं. महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं सुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं, आणि ते एल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेच्या पुढे चाललं. त्या सैनिकांना मात्र प्रत्येक बीप खराच धरावा लागे. हा कचरा असेल, सोडून द्या, असं म्हणण्याची चैन पुढच्या पिढीच्या निवृत्तांच्या वाट्याला आली.

यंत्राच्या किमतीचा आणि नशिबाचा काही संबंध असावा असं मानायला फारसा पुरावा नाही. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्याचा प्रचंड साठा सापडला. चार किलोच्या आसपास सोनं, हजारो तुकडे, मूल्यांकन बत्तीस लाख पौंडांच्या वर. त्यांचं यंत्र जुनं होतं आणि भंगारबाजारात अडीच पौंडांना घेतलेलं होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांतून आलं होतं. ही बातमी ताईनं शोधून काढली, छापून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. दाजी दूध काढताना तिच्याकडे बघत नाहीत.

हे यंत्र सांगलीला आणून एखाद्या पडक्या गढीवर फिरवावं असं दाजींच्या मनात आलं होतं. मी हात जोडले. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. १८७८ चे दहा रुपये वेगळे होते. आता दहा रुपयांचं नाणं खिशातून सांडलं तर एवढ्यात सुटका, पण त्याच्या शेजारी चिल्लर सांडली असेल तर वकील गाठावा. विनोद सोडला तरी पुराणवस्तूंचा कायदा वेगळा आहे, स्मारकांचा वेगळा, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवरचा राज्याचा कायदा २०१३ चा. त्याच २०१३ साली उत्तर प्रदेशात दौंडिया खेड्याला एका साधूंना हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं आणि खुद्द पुरातत्त्व खात्याला खणावं लागलं. सोनं निघालं नाही. शिवाय आपली जमीनही या यंत्रांना सोयीची नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणचा जांभा दोन्ही लोहयुक्त, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर इल्मेनाइट. म्हणजे आपल्याकडे माती स्वतःच बोलकी आहे.

आपल्याकडचा डिटेक्टर वेगळा. तो चौकट होऊन मॉलच्या, देवळाच्या, स्टेशनच्या दारात उभा असतो. पुण्यातल्या एका मॉलच्या दारात मी बराच वेळ थांबून पाहिलं आहे. प्रत्येक जण आत शिरतो, चौकट ओरडते, माणूस पुढे जातो. किल्ल्या, मोबाइल, कमरेचा पट्टा, स्टीलचा डबा, चौकट कुणालाच सोडत नाही. शेजारी स्टुलावर बसलेला रक्षक मान वर करत नाही. पण अधूनमधून, ज्याच्यावर चौकट इतरांइतकीच ओरडली अशा एखाद्याला तो बोटानं बाजूला घेतो. कशावरून, विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. बाराशे लोकांचे बीप पचवून एकावर उठणं, ही विद्या कुठल्या पुस्तिकेत नाही. दाजींना ती यायला एक हंगाम लागला.

त्यांच्या पिशवीतला कचरा हळूहळू कमी झाला, तो यंत्र सुधारलं म्हणून नव्हे. तुटक्या कडांचा आवाज डब्याच्या तुकड्याचा, किंचित फाटलेला नालाचा, गोल आणि टोकाला मऊ तो नाण्याचा, हे त्यांना आकड्याकडे न बघता कळू लागलं. पडद्यावर आकडा हजार पौंडांचा होता खरा, पण ते आता पडद्याकडे फारसं बघतच नव्हते. आणि त्याच सुमारास नाणं निघालं. तांब्याचं, झिजून जवळजवळ गुळगुळीत झालेलं, एका बाजूला एक जाड मानेचा माणूस. नोंदणीच्या बाईंनी ते उजेडात तिरकं धरून सांगितलं : तिसऱ्या जॉर्जचं हाफपेनी. इंग्लंडात अशी पोत्यानं निघतात, खजिना वगैरे काही नाही, घरी न्या.

दाजींनी घरी नेलं, पण ते खूश नव्हते. १७६० ते १८२० हा या राजाचा काळ. "याच्याच कारकिर्दीत पेशवाई बुडाली," ते म्हणाले, आणि नाण्याकडे असं बघितलं की जणू त्या जाड मानेच्या माणसानं खडकीची लढाई स्वतः लढली होती. दोनशे वर्षं चिखलात तोंड खुपसून पडलेल्या त्या राजाला सांगलीच्या माणसानं वर काढावं आणि जाब विचारावा, याहून मोठा खजिना कोणता, असं मी म्हणालो. ताई म्हणाली, तो जाब विचारायला हजार पौंड लागले, पेशव्यांनी एवढे पैसे वेळेवर काढले असते तर बुडाली नसती.

फायदा झाला तो शेतकऱ्याचा. त्याच्या शेतातलं लोखंड, काच, तारा, खिळे, सगळं एक निवृत्त इंजिनिअर स्वखर्चानं, स्वतःचा विमा काढून, खड्डे बुजवून, लाडू देऊन वेचून नेत होता. नांगराची पिनही सापडली. ती म्युझियममध्ये जाणार नव्हती, कारण तिच्या आसपास एकही रोमन नव्हता.

मी परत यायच्या सुमारास त्याच कंपनीनं पुढचं मॉडेल जाहीर केलं. दाजींनी जेवताना विषय काढला, आणि आवाजात पुरेसा बेफिकीरपणा आणून तो भाताबरोबर पुढे सरकवला.

"यात आणि त्यात फरक काय?" ताईनं विचारलं.

"हे आणखी खोल जातं."

"म्हणजे तोच कचरा, फक्त जास्त जुना."

दाजींनी घास थांबवला. "अगं," ते म्हणाले, "त्यालाच तर पुरातत्त्व म्हणतात."